हात कुठे?

नुबियानं सकाळी पोटभर अरेपा, म्हणजे मक्याची जाड भाकरी खाल्ली, वर दोन कप काळी कॉफी ढोसली आणि विलाविसेन्सिओच्या विमानतळावर ती गुणगुणतच पोचली. लेखी परीक्षेत तिनं मैदान मारलं होतं. वायरिंग, रेडिओ, कंपास, सगळं तोंडपाठ. आजचं प्रात्यक्षिक पार पडलं की विमान दुरुस्तीचा परवाना हातात. नाहीतर आणखी वर्षभर मास्तरांचे पाने-हातोडे पुसत बसायचं.

मास्तर म्हणजे एवेलियो. त्यांच्या हँगरची, एका जुन्या अपघातानंतर पडलेली, एक रीत होती. फ्लॅपचा, म्हणजे पंखामागच्या हलत्या फळीचा दांडा ओढण्याआधी कॉकपिटमधल्यानं हेडफोनवर विचारायचं, “हात कुठे?” खालच्यानं हात खरोखर खिशात घालून सांगायचं, “खिशात.” तोवर दांड्याला बोट लावायचं नाही. शेजारचे हँगरवाले यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करत.

परीक्षक सार्मिएन्तो हेडफोन चढवून कॉकपिटमध्ये तिच्या शेजारी बसले; खाली पंखापाशी मास्तर उभे होते. बाहेर रणरणतं ऊन होतं. आत जुन्या तेलाचा आणि तापलेल्या कातडी सीटचा वास कोंडला होता.

“हात कुठे?”

“खिशात, मुली. ओढ बिनधास्त!”

तिनं दांडा धरला. तेवढ्यात हेडफोनमध्ये कुणीतरी श्वास घेतला.

“आत...” आवाज थकलेला होता. “माझे अजून आतच...”

नुबियाचा हात दांड्यावरच थांबला.

“मास्तर, तुमच्यासोबत कोण आहे?”

“ह्या विमानापाशी?” मास्तर म्हणाले. “कोणी नाही. आता कोणी नाही.”

“ओढा की,” परीक्षक कुरकुरले. “मुहूर्त बघताय का?”

“आणखी एकदाच विचारते, सर. हात कुठे?”

“खिशात.” आणि लगोलग तोच थकलेला आवाज, अगदी हळू, “आत... थांब, पोरी...”

“ओढा, नाहीतर नापास करतो!”

वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार या विचारानं तिला रडू आलं. पण तिनं दांडा सोडला.

“नाही ओढत, सर. करा नापास.”

दोघं खाली उतरले. मास्तर खिशात हात घालून एकटेच उभे होते. नुबियानं वाकून फ्लॅपची फट पाहिली. अंधार, आणि तेलाचा एक ओघळ. बाकी काही नाही.

परीक्षक मोठ्यानं हसले. “अहो, मी मुद्दाम घाई करत होतो! शंका आली की हात आवरणाराच मला हवा असतो. पास!”

नुबियाला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला. तिनं मास्तरांना घट्ट मिठी मारली. संध्याकाळी सगळ्या हँगरला भाजलेलं मांस आणि बिअर तिच्याकडून, असं तिनं तिथल्या तिथे जाहीर केलं. इतका आनंद तिला कधीच झाला नव्हता.

जाता जाता परीक्षकांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली.

“मानलं बुवा तुम्हाला! तुमच्या त्या दुसऱ्या माणसानं काय आवाज काढला, माझ्याही अंगावर काटा आला. परीक्षा संपली म्हणावं. आता काढ हात बाहेर.”

 मास्तर पंखाकडे बघत होते, आणि त्यांचे हात अजून खिशातच होते.