उजवा कान

सुकन्या त्या रविवारी माहेरी गेली ती एवढ्याचसाठी, की आईच्या फोनचा आवाज गेला होता.

लातूरहून उदगीर, उदगीरहून देवणी, आणि तिथून गावापर्यंत खच्चून भरलेली ऑटो. एरवी ती सणावाराला, नाहीतर ती शिकवायची त्या शाळेला सुट्ट्या लागल्या की जायची. पण आता घरात आई एकटीच होती. अप्पा पोळा झाल्यावर गेले. धाकटा भाऊ सिद्धलिंग नोकरीसाठी पुण्यात. मागच्या आठवड्यात आई, सरजाबाई, न्हाणीत पाय घसरून पडली आणि किती तरी वेळ तशीच पडून राहिली. त्या वेळात सुकन्यानं केलेले फोन कोनाड्यात मुक्यानं उजळले आणि विझले. शेजारीण ताक मागायला आली म्हणून निभावलं. तेव्हापासून सुकन्याच्या जिवाला घोर लागला होता.

फोन अप्पांचाच. ते गेल्यावर आईकडे आला. सुकन्यानं लावला तर कधी उचलला जायचा, कधी नाही; उचलला तरी पलीकडून नुसती पोकळी. विहिरीच्या काठावर कान द्यावा तशी. ती दोनदा हॅलो म्हणायची आणि शेजारणीच्या फोनवर आईला बोलवायची.

"कवापासून गेलाय आवाज?" जेवणं झाल्यावर ओसरीत बसत तिनं विचारलं.

"तुझ्या अप्पाचं कार्य झालं तवापासून." आई सुपात तूर पाखडत होती.

"मग बोलली कामून न्हाईस?"

"बोलून काय करू? मला कुठं कुणाचं ऐकायचं हुतं..."

दुपार टळटळीत होती. तुरीची रास चालू असल्यामुळं गावात माणूस नव्हतं. लांब कुठंतरी मळणीयंत्र घरघरत होतं आणि भुशाचा कोरडा वास वाऱ्याबरोबर ओसरीपर्यंत येत होता. सुकन्यानं चष्मा लावला, फोन मांडीवर घेतला.

बाजूचं बटण दाबून आवाज वाढवला. पट्टी पार टोकाला गेली. मूक ठेवायची खूणही नव्हती. बंद करून पुन्हा चालू केला. दात घासायच्या जुन्या ब्रशनं खालची जाळी साफ केली. कणीक निघाली, बारीक माती निघाली. इअरफोन घालायच्या भोकात कापूस अडकलाय का तेही उजेडाकडं धरून पाहिलं. मग एक भजन लावलं. पडद्यावर गायक डोळे मिटून गात होता, तोंड उघडत होता, मिटत होता, तबलजीची बोटं नाचत होती, आणि ओसरीत फक्त आईच्या सुपाचा फड् फड् आवाज.

तेवढ्यात तिचं लक्ष पडद्याच्या वरच्या कडेला गेलं. ब्लूटूथची खूण निळी दिसत होती. तिनं ती दाबून धरली. यादी उघडली. यादीत एकच नाव होतं.

अप्पांचा कान. जोडलेले आहे.

शेजारी बॅटरीचं एवढुसं चित्र, काठोकाठ भरलेलं.

सुकन्याला आधी हसूच आलं. "सापडलं गं! फोन बिघडला न्हाई. आवाज दुसरीकडं चाललाय."

"कुठं?"

"अप्पाच्या मशीनमध्ये. कानातल्या."

सूप थांबलं.

उतारवयात अप्पांना अजिबात ऐकू येईनासं झालं होतं. दोनेक वर्षं ते घरात असून नसल्यासारखे वावरले. लोक ओरडून बोलायचे, ते भलतंच उत्तर द्यायचे, मग हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. सिद्धलिंगनं पुण्याहून मशीन आणलं, उजव्या कानात बसवलं, फोनला जोडलं आणि हौसेनं त्याला ते नावही दिलं. फोनवरचं भजन थेट त्यांच्या कानात वाजायचं. फोनवर कुणाशी बोलायचं तरी मशीनमधूनच; त्यातच माईक होता. बैलांच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज पहिल्यांदा पुन्हा ऐकला तेव्हा अप्पा गोठ्यात उभ्याउभ्या लहान पोरासारखे रडले होते. फक्त फोन जवळ लागायचा. ते विसरून गोठ्याच्या पलीकडं गेले, की मशीनचा फोनशी संबंध तुटायचा आणि भजन घरात मोठ्यांदा वाजू लागायचं.

म्हणजे मशीन घरातच असणार. इथंच, जवळ.

"थांब, हुडकते. भजन चालू हाय, म्हणजे ते मशीनमध्ये वाजतंय. कान दिला की कळंल."

ती उठली. कोनाड्याला कान लावला. ट्रंकेला लावला. अप्पांच्या कोटाचे खिसे चाचपले, उतरंडीमागं वाकली, देवघरात श्वास रोखून उभी राहिली. कुठं डासाएवढासुद्धा आवाज नाही. मशीन चार्ज करायची डबी मात्र सापडली. उघडीच होती. रिकामी. तिच्यात कोळ्यानं जाळं धरलं होतं.

ती परत ओसरीत आली तेव्हा आई सुपाकडंच बघत होती.

"घरात न्हाई ते, सुकन्या."

"मग कुठं हाय?"

आईनं नुसती ओढ्यापलीकडं, रानाच्या दिशेनं मान वळवली.

"आई..."

"त्येला लई भ्याव वाटायचं गं... पुन्यांदा बहिरं हुयाचं." सरजाबाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "दवाखान्यात शेवटचं तेवढंच बोलला. मशीन काढू नगा म्हणला, मला ऐकायचंय. तुमी काढलं. जंगमस्वामी म्हणले, अंगावरचं समदं काढा. काढलं. पण समाधीत बसवायच्या आदी मला दर्शनाला फुडं नेलं न्हवं... तवा पदराआडून मी परत घातलं. उजव्या कानात. म्हणलं, तिकडं कुणी हाक मारली तर ऐकू याया नको का?"

सुकन्याच्या डोळ्यांसमोर तो दिवस आला. कपाळभर भस्म, बेलाची पानं, मांडी घालून बसवलेले अप्पा, आणि मग वरून लोटलेली माती. ती माती तिनंही मुठीनं टाकली होती.

"अगं, पण त्येची बॅटरी..." तिचे शब्द अडखळू लागले. "एका दिवसात उतरायची ती. रोज डबीत ठेवायला लागायचं. आणि रान किती लांब... गोठ्याच्या पलीकडं पोचत नव्हतं ते..."

तेवढ्यात भुईवर ठेवलेला फोन उजळला. ना घंटी, ना थरथर. नुसतं नाव आलं. सिद्धलिंग.

सुकन्यानं तो उचलला आणि कानाला लावला. काही नाही. "सिद्धू? मी अक्का बोलतेय. फोन बिघडलाय आईचा, तू ठेव, मी माझ्यावरून लावते." काही नाही. पडद्यावर बोलण्याचे सेकंद मात्र पुढं सरकत होते.

"मीबी अशीच उचलते," आई म्हणाली. "रोज करतो त्यो ड्यूटीवरून आल्यावर, आयतवारी दुपारचा. काई ऐकू येत न्हाई. मग ठिवते कोनाड्यात तसाच. मला बंद कराया कुठं येतंय."

बरंच बोलणं झाल्यावर ठेवावा तसा पलीकडून फोन ठेवला गेला. सुकन्यानं आपला फोन काढला आणि भावाला लावला. आईलाही ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"बोल अक्का," सिद्धलिंगचा खणखणीत आवाज ओसरीत घुमला. "आत्ताच आईशी बोलून ठेवला बघ."

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

"मी बोलले ते ऐकू आलं का तुला?"

"तू? तू हायस व्हय गावाकडं? न्हाई गं, तुझा आवाज न्हाई आला. आईच हुती."

"काय... काय म्हणाली आई?"

"नेहमीचंच. ती बोलती कुठं? मीच बोलतो, ती हूं हूं करती. अप्पा गेल्यापासून तसंच हाय तिचं. पण ऐकून घेती बघ, न कंटाळता. आफिसातलं, पोरीचं, समदं सांगतो मी रोज. बरं वाटतं."

सरजाबाईंनी पदराचा बोळा तोंडावर धरला.

"सिद्धू..." सुकन्याला आपलाच आवाज परका वाटला. "आवाज कसा हाय रे तिचा?"

"बसलाय. घोगरा झालाय पार. रडून रडून असंल. आणि लांबून येतो... रांजणात तोंड घालून बोलल्यागत. तिथं रेंजच तसली. पण अक्का, आज एक चांगलं झालं. तुलाच सांगणार हुतो. मी आज इचारलं तिला, किती दिवस एकटी ऱ्हातीस, माझ्याकडं येतीस का पुण्याला? आणि पहिल्यांदाच ती हूं सोडून बोलली."

"काय बोलली?"

"म्हणली, 'येतो'."

मळणीयंत्र कधीतरी बंद पडलं होतं. गावात कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

"येते म्हणली असंल," सिद्धलिंग आपलं आपणच समजूत घालत हसला. "मला तसं ऐकू आलं. पण येणार तर म्हणली ना? मी पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येतो तिला न्यायला. बोल तूबी तिच्याशी. ठेवू?"

फोन ठेवला गेला तरी सुकन्या हललीच नाही. शेणानं सारवलेल्या भुईवर आईचा फोन पडला होता. त्यात गायकाचं तोंड अजून उघडत होतं, मिटत होतं. ते भजन कुठंतरी वाजत होतं. कुणीतरी ते ऐकत होतं. आणि सगळ्या हिवाळ्यात ती स्वतः जेव्हा जेव्हा त्या पोकळीत हॅलो, हॅलो म्हणाली होती...

तिनं झडप घालून फोन उचलला. त्या नावावर बोट ठेवलं. खाली एका शब्दाचं बटण आलं.

"काय करायलीस?" आईनं तिचं मनगट धरलं. "काय लिवलंय त्येच्यावर?"

सुकन्याला ते वाचून दाखवणं जमेना. शेवटी ती पुटपुटली, "विसरा."

"असं कसं लिवलंय गं..."

"मशीनला म्हणतंय, आई. मशीनला."

"नको दाबू. सुकन्या, नको... आत्ता कुटं बोलाया लागलाय त्यो." आईच्या डोळ्यांत भीती नव्हती. सुकन्याला त्याचाच सगळ्यात मोठा धक्का बसला. तिथं आशा होती, लख्ख आशा. "मी येडी, कोनाड्यात ठिवत हुते. मला ठाव असतं तर मी बोलले नसते व्हय? येकदा बोलू दे. येकदाच."

मनगटावरची पकड म्हातारीची वाटत नव्हती. सुकन्यानं दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ते बटण दाबलं.

भजन ओसरीत एकदम फुटलं. टाळ, तबला, पेटी, सगळं एकाच वेळी, कानठळ्या बसतील इतकं. गोठ्यातले बैल दाव्याला हिसका देऊन उठले. आईनं तिचा हात सोडला, दोन्ही कान झाकले आणि भिंतीला टेकून खाली बसली. यादीत आता एकही नाव नव्हतं.

नंतर सुकन्यानं आईच्या फोनवर फोन लावून पाहिला, घंटी नीट वाजली, आईचा आवाजही आईसारखाच आला. तिनं शेजारणीला सोबतीला झोपायला सांगितलं आणि उजेड असतानाच निघाली. आई दारापर्यंत आली नाही. ओसरीतूनच म्हणाली, "त्येला सांगायचं तरी हुतं... तोडायलोय म्हणून."

सोमवारी शाळेत मधल्या सुट्टीत सुकन्यानं डबा उघडला तर सिद्धलिंगचा मेसेज येऊन पडलेला.

"अक्का, आईच्या फोनला काल काय केलंस? माझ्याबी फोनचा आवाज गेलाय सकाळपासून. दुकानात दाखवला, त्यो म्हणतो फोन चांगलाय. आज घरूनच काम करायलोय."

तिनं उत्तर दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. वऱ्हांड्यात पोरांचा गलका होता. ती प्रयोगशाळेत गेली, दार लोटून घेतलं आणि भावाला फोन लावला.

फोन उचलला गेला.

या वेळी विहिरीसारखी पोकळी नव्हती. माती नव्हती. पुण्यातल्या त्या घराचे आवाज स्वच्छ येत होते. पंखा फिरत होता, कुकरची शिट्टी झाली, सिद्धलिंगच्या पोरीनं काहीतरी पाडलं आणि ती खिदळली. मग सिद्धलिंगचा आवाज आला. "हॅलो? अक्का? बोलतीस का? मला काईच ऐकू येत न्हाई गं..."

पण तो आवाज लांबून येत होता. खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून बोलावं तसा.

"सिद्धू," ती कशीबशी म्हणाली.

आणि त्याच्या कितीतरी अलीकडं, अगदी तिच्या कानाशी, कुणीतरी नीट ऐकू यावं म्हणून आपला श्वास रोखून धरला.