न बघितलेली पानं

हंबीररावाची पानं पहिल्याच फेरीत बाजूला सारायची, असं ठरलेलं होतं. कुणीतरी ती सारली नाहीत. मुद्दाम की विसरून, ते ज्याचं त्याला ठाऊक. आजवर कुणी तो दोष अंगावर घेतलेला नाही.

१९४६ ची गोकुळाष्टमी. अष्टमीला पत्ते कुटायचेच, म्हणून कुंडल गावात नाथाजीच्या माडीवर दुपारपासून तीन पानी रंगली होती. नाथाजी, धुळा, जोतीराम. तिघंही एका पलटणीतले, इटलीहून परतलेले. चौथा हंबीरराव तिथल्या नदीत वाहून गेला, तो सापडलाच नाही. तरी त्याचा पाट मांडत, त्याला पानं वाटत. हंबीरराव उभ्या जन्मात पानं बघून खेळला नव्हता. आणि असं आंधळं खेळणाऱ्याकडं पानं बघितलेल्यानं शो मागायचा नसतो, म्हणजे त्याची पानं उघडायला लावायची नसतात. बोली वाढवत राहायचं, नाहीतर पानं टाकायची.

आज बोलीला हद्द नव्हती. जोतीरामाच्या हातात तीन बादशहा होते. त्यानं बैलजोडी लावली.

"एवढ्यावरच हात कापाय लागला व्हय रं?" नाथाजीनं डिवचलं.

जोतीरामानं विहिरीचा मळा लावला. घरात ओलिताचं रान तेवढंच. धुळ्यानं आधीच पानं टाकली होती. आता नाथाजीनंही टाकली.

"डाव माझा." जोतीराम हसत पुढं सरकला.

"थांब गड्या..." धुळा म्हणाला.

हंबीररावाची पानं पाटासमोर तशीच पालथी होती. त्यांच्यापुढं एक गोटा होता. पांढरा, गुळगुळीत, ओला. माडीभर गाळाचा गार वास सुटला. कृष्णेचे गोटे काळे. असले पांढरे त्या तिघांनी एकाच नदीत पाहिले होते, इटलीतल्या.

गाभाऱ्यात शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसा माडीवरचा आवाज खाली आला.

"त्यानं बोली दिलीया..." नाथाजी पुटपुटला. "डाव त्याला लागला, तर समदं त्याच्या बायकूचं, बनूवैनीचं."

जोतीरामानं गळ्यातला ताईत काढून ठेवला. पापणी लवते न लवते तोच दुसरा गोटा. मनगटावरचं घड्याळ ठेवलं. तिसरा. आता लावायला काही उरलं नाही. पानं टाकली की मळा गेला. पण हंबीररावाची पानं उलटून डाव मोडला तर...

त्याचा हात तिकडं गेला. पानं बर्फासारखी गार. आणि त्याला ती पहाट आठवली. नदीपलीकडं दोर न्यायची पाळी जोतीरामावर आली होती. पाणी किती खोल, ते न बघताच हंबीरराव त्याच्याआधी उतरला होता.

जोतीरामानं हात मागं घेतला. तीन बादशहा पालथे टाकले.

"मळा बनूवैनीचा," तो म्हणाला.

मग धुळ्यानं हळूच विचारलं, "पानं गोळा करू?"

नाथाजीची आई रंगुबाई दिवेलागणीचा कंदील घेऊन जिन्यात केव्हाची उभी होती. तिनं ओल्या पाटाकडं पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "त्यानं अजून कायबी बघितलेलं न्हाई. पानं सुलटी झाली तर सोता मेलोय हेबी त्याला कळंल... आन बनू अजून त्याच्या नावानं कुकू लावती."