दुलईच्या काठातलं पत्र

"आईनं मला एवढंच लिहून ठेवलं असेल, तर मला या जन्मात झोप लागायची नाही," धाकटी म्हणाली आणि तिनं दुलई टेबलावर ठेवली.

हेरबाईंनी चष्मा पुसला. शेजारी मास्तर वही उघडून बसले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हेरबाईंच्या तपासांची टिपणं ठेवणं हाच त्यांचा उद्योग होता. त्यात समजण्यापेक्षा लिहिणंच जास्त, हे त्यांनाही मान्य होतं.

धाकटीची आई एक्याण्णव वर्षं जगली. साठ वर्षं शिवणाचं दुकान चालवलं, नवऱ्यामागे दोन मुलं वाढवली: परगावी राहणारा दादा आणि ही धाकटी. शेवटची अकरा वर्षं धाकटीनंच तिचं सगळं केलं. जाण्याआधी आईनं साऱ्यांना बजावलं होतं, "दुलईच्या काठात धाकटीसाठी पत्र शिवलंय. माझी आठवण काढायला जमाल, तेव्हा सगळ्यांसमोर उसवा."

परवा चाळीस माणसं जमली. आईचे एकेक किस्से निघाले, हसून हसून पोटं दुखली. मग धाकटीनं काठ कापला आणि पत्र मोठ्यानं वाचलं.

'दादा दर महिन्याला पत्र टाकतो म्हणतो. माझ्या हाती एकही आलं नाही. तू ती लपवतेस, असं मला वाटलं. चार वर्षं मी तुझ्याशी धड बोलले नाही.'

एवढंच. अक्षर आईचं, सही नाही.

"आईला ऐकू येत नव्हतं, म्हणून फोनचा प्रश्नच नव्हता. पण मी एकही पत्र लपवलं नाही हो! चाळीस जणांत चोर ठरले. आणि शेवटचं वर्षभर ती रोज माझे केस विंचरायची. मनात हे ठेवून?"

मास्तरांना गलबलून आलं. हेरबाई मात्र कागद उजेडात धरून बघत होत्या. कोपऱ्यात दोन बारीक भोकं होती. मग त्यांनी काठाचा न कापलेला भाग पुढे केला.

"मास्तर, काय दिसतं?"

"टाके. सुबक आहेत. एकेक सुटा, प्रत्येकाला गाठ."

"लिहा."

आई गेल्यावर तिच्या खोलीत धाकटीखेरीज तिघंच वावरले होते: आठ दिवस मुक्कामाला असलेले दादा-वहिनी आणि दुकान सांभाळणारी आईची जुनी शिष्या.

हेरबाई आणि मास्तर दुकानात गेले, तेव्हा शिष्या झग्याला हातशिलाई करत होती. दोऱ्याला गाठ न मारता तिनं दोन टाके मागे घेतले.

"गाठ नाही?" मास्तरांनी विचारलं.

"अंगाला बोचते. आईंनी कधी मारू दिली नाही. हिशेबाचे कागदसुद्धा त्या टाचणीनं जोडायच्या, पण एकटा कागद असला तर टाचणी वाया घालवायच्या नाहीत." ती थांबली. "गेल्या वर्षी हट्टानं माझ्याबरोबर पोस्टात आल्या. आत काय बोलल्या कोण जाणे, बाहेर आल्या त्या रडतच."

वहिनी फणकारल्या, "मला सुईत दोरा ओवता येत नाही. सासूबाईंनी त्यावरून जन्मभर टोमणे मारले!"

दादा जनावरांचे निवृत्त डॉक्टर. "गाईम्हशींची पोटं शिवण्यात हयात गेली," ते हसले. "पत्रांचं म्हणाल, तर मी टाकत होतो. पुढचं धाकटीला विचारा."

दुसऱ्या दिवशी हेरबाईंनी सगळ्यांना धाकटीकडे बोलावलं.

"पत्र खरं आहे, पण अर्धं," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यात टाचणीची भोकं आहेत. एकट्या कागदाला आई टाचणी लावत नसत. म्हणजे दुसरं पान होतं. काठ आईंनी शिवलेलाही नाही, त्यात गाठी आहेत. शिष्येचा हात गाठीकडे वळत नाही, वहिनींना सुई धरता येत नाही. एकेक टाका सुटा घेऊन गाठ कोण मारतं? जखम शिवणारा डॉक्टर. एक टाका तुटला, तरी बाकीचे टिकतात."

मास्तरांचं पेन थांबलं.

"पत्र आहे हे साऱ्यांना ठाऊक होतं, म्हणून अख्खं गायब करता येईना. पोस्टात आईंना तुमचं पत्र येतच नसल्याचं कळलं असणार; तिथून त्या रडत आल्या आणि धाकटीचे केस विंचरू लागल्या. तुम्ही एकही पत्र टाकलं नव्हतं, दादा. ते दुसऱ्या पानावर होतं."

दादा म्हणाले, "लिहायला बसायचो, सुचायचं नाही. भेटल्यावर सांगायचो, टाकतोय म्हणून. पान जाळलं मी."

"तुझ्यापायी आई माझ्याशी चार वर्षं बोलली नाही," धाकटी म्हणाली. "तुला मी देव मानत होते रे! काय होतं त्या पानावर?"

"मी खोटं बोललो, ते कळलं म्हणून. तुझ्यावर संशय घेतला, माफ कर म्हणून." दादा म्हणाले. "आणि शेवटी, 'एवढ्या आयुष्यात मला सगळ्यात जास्त सुख तू दिलंस.'"

धाकटीचा चेहरा उजळला आणि लगेच विझला.

"हे आईनं लिहिलं, की तू आत्ता रचलंस?"

"शपथ घेतो."

ती हेरबाईंकडे वळली. "तुम्ही सांगा. खरं बोलतोय का हा?"

हेरबाईंनी कागदाची दोन भोकं पुन्हा उजेडात धरून पाहिली. मास्तरांनी त्यांना असं अडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"माफीचं मी सिद्ध करू शकते, पोस्टातलं रडणं आणि रोज केस विंचरणं त्याला साक्ष आहे," त्या म्हणाल्या. "शेवटच्या ओळीचं नाही."

"मला तीच हवी होती," धाकटी म्हणाली.