पोपटी बोटं

संग्रहालयात त्याला सगळे कुंचलेवाले म्हणत. खाणींतून आलेले दगड मऊ कुंचल्याने झाडायचे आणि काचेच्या कपाटात मांडायचे, हे त्याचं काम. त्यात तो इतका काटेकोर की घरी जेवायला बसला तरी आधी ताटाच्या कडेवर फुंकर मारायचा. बायको म्हणायची, "एकदा मलाही झाडून कपाटात ठेवा, म्हणजे सुटले."

त्या दिवशीचा दगड युरेनियमचा होता. करड्या ग्रॅनाइटच्या भेगेत पिवळेधमक, चौकोनी पापुद्रे दाटीवाटीने बसलेले.

"ऑट्युनाइट," संग्रहालयाच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "हे मूळचं भेगेतलं नसतं हं. खडकातलं युरेनियम पाण्यात विरघळतं, आणि पाणी ते वाट मिळेल तिकडे नेतं. भेग सापडली की तिथे बसवतं. वाळलं की याचा भुगा होतो, तेव्हा हा ज्या बरणीत ठेवाल ती उघडी टाकू नका."

काम आटोपल्यावर त्याने नेहमीप्रमाणे खोलीत अंधार करून जांभळा दिवा फिरवला. त्या दिव्याखाली या खनिजाचा कणसुद्धा पोपटी पेटून उठतो. टेबल स्वच्छ होतं, हात स्वच्छ होते, चपलाही. तरी जिवाला घोर लागला, म्हणून तो दिवा पिशवीत घालून घरी घेऊन आला. तिथेच चुकलं. पाहिलंच नसतं तर निदान कळलं तरी नसतं.

घरी त्याने पडदे ओढले. त्याची लेक ठकी, जेमतेम शाळेत जायला लागलेली, तिच्या पलंगामागे भिंतीला केसाएवढी भेग होती. ती वरपासून खालपर्यंत पोपटी चमकत होती. शेजारच्या खिडकीच्या काचेवर एक तळवा उमटला होता. लांब, बारीक बोटं. बाईमाणसाचा असावा.

त्याने ओल्या फडक्याने काच आतून पुसली. मग बाहेर जाऊन बाहेरून पुसली. तळवा काचेच्या आत होता.

दुसऱ्या दिवशी त्याच्या सांगण्यावरून प्रमुख बाई किरणं मोजायचं यंत्र घेऊन घरी आल्या. दगडापाशी कडाडणारं ते यंत्र काचेजवळ नेलं, आणि बाईंचा चेहरा उतरला.

"अहो, मोकळ्या हवेतसुद्धा हे अधूनमधून टिकटिकतं... इथे तेवढंही नाही."

"म्हणजे भुगा नाही?"

"नाही."

"मग काय आहे, बाई?"

त्यांनी यंत्र बंद केलं. "मुलीला या खोलीत झोपवू नका," एवढंच पुटपुटून त्या निघून गेल्या.

पलंग दुसऱ्या खोलीत गेला. तिथेही भिंतीला भेग पडली, नवी कोरी, पलंगाच्या बरोबर मागे. त्याने सिमेंट भरलं, ते वाळायच्या आत चिरलं. बायको रडकुंडीला येऊन म्हणाली, "आपण हिला घेऊन दुसरीकडे जाऊ या." ज्याला कुठेच भेग नाही असं घर तो कुठून आणणार होता?

रविवारी भर दुपारी त्याने ठकीला न्हाणीघरात नेलं, दार लावलं आणि भीतभीतच तो जांभळा दिवा लावला.

पोरीच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, तळवा होता.

त्याने साबण लावला. पाणी ओतलं, पुन्हा साबण लावला, काथ्याने घासलं. पाठ लालभडक झाली, तळवा तसाच राहिला. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, आणि तो घासतच होता. आयुष्यभर त्याला एवढंच तर जमत आलं होतं. ठकी मात्र रडत नव्हती. मान खाली घालून उभी होती.

"दुखतंय का गं, बाळा?"

"मला नाही दुखत," ठकी हळूच म्हणाली. "पण बाबा, इतकं जोरात घासू नका ना... तिला लागतं."

त्याच्या हातातला काथ्या गळून पडला. दिव्याच्या जांभळ्या उजेडात ती पाचही बोटं सावकाश मिटली, निजलेल्या लेकराला आई जवळ ओढते तशी.