हिरव्या पडद्यावरची ओळ

कोपरच्या महिपतशेठना तुम्ही ओळखत असाल. केमिकलचा धंदा, शाळा सातवीपर्यंत, आणि समोर बसलेल्याला चहा पाजल्याशिवाय उठू देणार नाहीत. गोदामातल्या मालाच्या याद्या त्यांच्याकडे भागीरथीबाई ठेवायच्या, हिरव्या अक्षरांच्या जुन्या कॉम्प्युटरवर. प्रत्येक मालापुढे बाईंनी 'शेजार' नावाचा रकाना केला होता. ब्लीचिंग पावडरशेजारी ॲसिड नको, असलं सगळं त्यात.

अठ्ठ्याण्णवच्या चैत्रात बाई वारल्या. महिन्याभरात तो कॉम्प्युटरही बंद पडला. नवा रंगीत आला. याद्या त्यावर चढवताना शेठ म्हणाले, "शेजार राहू दे. ते माझ्या डोक्यात आहे."

पण पांढऱ्या पडद्याने त्यांचं कपाळ ठणकायचं. कॉम्प्युटरवाला रतन हसला. "लोक रंग मागतात शेठ, तुम्ही काढून मागता."

"अरे, मला वाचायचंय. सिनेमा नाही बघायचा."

रतनने पडदा जुन्यासारखा हिरवा करणारी एक फ्लॉपी दिली, कागदावर पायऱ्या लिहून दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, शटर अर्धं ओढून, शेठनी एकेक पायरी वाचत ती चढवली. शेवटी दोन बटणं एकदम दाबली. खिडक्या, चित्रं सगळं गेलं आणि काचभर काळोख पसरला. त्यावर हिरवी अक्षरं, मधून बारीक आडव्या रेघा. खोडलेलं अक्षरही जुन्यासारखं क्षणभर धूसर राहून विझायचं. शेठना बरं वाटलं. डोळे निवले.

भिवंडीच्या गिऱ्हाइकाला ते पत्र लिहू लागले. एक ओळ चुकली, खोडली. ती धूसर झाली... पण विझेना. उलट गडद होत गेली, आणि अक्षरं हळूहळू दुसरीच झाली. लिपी इंग्रजी, भाषा मराठी.

राघोला बाहेर बोलवा.

पंखा फिरत होता, तरी शेठच्या मानेला घाम आला. कुठूनसा उग्र, नाकात शिरणारा वास येत होता.

"राघो... बाहेर ये रे."

"जेवतोय ना शेठ," गोदामातून त्यांच्या पन्नाशीतल्या हमालाचा आवाज आला.

"डबा घेऊन ये. लगेच."

"सकाळपासून ॲसिडचे कॅन लावले, आता सुखाने घासही नाही," असं पुटपुटत राघो डबा हातात घेऊन आला. त्याने उंबरा ओलांडला आणि मागे काहीतरी फसफसलं. दारातून पिवळट धूर जमिनीलगत सरकत आला. जागा दिसली तिथे, ब्लीचिंगच्या ड्रमांवरच त्याने कॅन रचले होते. यादीत शेजार नव्हता, त्याला कोण सांगणार? एक कॅन गळत होता.

"अजून दोन मिनिटं आत असता तर उचलूनच आणावा लागला असता," बंबवाले म्हणाले. राघोच्या बायकोने, शेवंतीने, शेठच्या पायावर डोकं ठेवलं. शेठनी पाय मागे घेतले. ती चुकीच्या माणसाच्या पाया पडत होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी 'शेजार'चा रकाना भरला. मग पडदा हिरवा केला आणि एकेक अक्षर शोधत लिहिलं, "भागीरथीबाई, तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत."

बराच वेळ काही झालं नाही. मग खाली, आपसूक, एक ओळ उमटली.

भागीरथी कोण?

तेव्हापासून शेठ दुकान उघडलं की पडद्यापुढे हात जोडतात, मनापासून. नाव मात्र कोणाचंच घेत नाहीत.