बुधवारी अकराचा खेळ

दुधाची बाटली अर्धवट अंधारातून घरंगळत आली आणि माझ्या सँडलला टेकून थांबली.

"सॉरी हं," मागच्या रांगेतून कुजबुज आली. "आमचा ऐवज तुमच्याकडे आलाय."

मी बाटली उचलली, बूच घट्ट आहे ना ते पाहिलं, रुमालानं पुसली आणि मागे वळून दिली. "जमिनीवर पडलीय. उकळल्याशिवाय तोंडात देऊ नका."

"बरं, नाही देत," तो इतक्या आज्ञाधारकपणे म्हणाला, की मला माझ्याच आवाजाची लाज वाटली.

बुधवारी सकाळी अकराचा तो खेळ खास तान्ह्या बाळांच्या आईबापांसाठी असतो. दिवे अर्धेच मालवतात, आवाज अर्ध्यावर ठेवतात, बाळ रडलं तर कुणी वळून बघत नाही. दारावर पाटी आहे – 'दोन वर्षांखालील बाळासह आई किंवा वडील. इतरांना प्रवेश नाही.' आणि रडणाऱ्या बाळांपुढे चांगले चित्रपट कशाला वाया घालवायचे, म्हणून थिएटरवाले गोदामातले जुने डिस्को चित्रपट काढतात. त्या दिवसांत दर बुधवारी 'चांदण्यांची लाँड्री'च असायचा. पडद्यावर खांद्यापर्यंत पोचणाऱ्या कॉलरचा नायक धुलाईच्या मशीनला मिठी मारून उभा होता. आता तो बोलणार…

"हे मशीन नाही – हे माझं काळीज आहे!" नायकाच्या अर्धा सेकंद आधी मागून कुणीतरी पुटपुटलं.

आणि मी आवरायच्या आत माझ्या तोंडून नायिकेचं उत्तर निसटलं, "मग त्यात साबण जरा कमी घाल!"

मागून दाबलेलं हसू आलं.

"तुम्हाला पाठ आहे?"

"छे! मी… मी हिच्या झोपेसाठी येते. गुंडीला इथं छान झोप लागते."

गुंडी, माझी नऊ महिन्यांची लेक, टक्क जागी होती आणि दुपट्याचं टोक चघळत होती.

"मीही हिच्या झोपेसाठीच," तो म्हणाला. त्याच्या मांडीवरची मुलगी डोळे विस्फारून पडद्यावरच्या चंदेरी पँटी बघत होती. "एकुलती एक आहे आमची. झोपतच नाही घरी."

दोघंही धडधडीत खोटं बोलत होतो. 'चांदण्यांची लाँड्री' आला तेव्हा एका टीकाकारानं लिहिलं होतं, या चित्रपटात अभिनय फक्त छताला टांगलेल्या आरशांच्या गोळ्यानं केला आहे. कॉलेजात असताना आम्ही सगळ्या मैत्रिणी तो टिंगल करायला म्हणून बघायला गेलो, पोट धरधरून हसलो. आणि दुसऱ्या दिवशी मी एकटीच पुन्हा गेले. कुणाला सांगितलं नाही. आजही आईला मी बुधवारी 'बाळांच्या आयांची बैठक असते' असं सांगून निघते. तिशीच्या उंबरठ्यावरची, शिकलीसवरलेली बाई, आणि चाळीस धुलाई मशीनं एका ठेक्यात हलताना बघून माझ्या अंगावर काटा येतो – हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

पुढच्या बुधवारी तो माझ्याच रांगेत बसला. मधे एक खुर्ची सोडून.

"तुम्ही काय करता?" मी विचारलं. 

"कान तपासतो. मोठ्या पोस्टाशेजारी, औषधांच्या दुकानावर दवाखाना आहे. दिवसभर बंद खोलीत लोकांना बारीक टीं… टीं… ऐकवायचं, ऐकू आलं की त्यांनी बटण दाबायचं. इतकी शांतता झाल्यावर माणसानं कुठं जावं, सांगा!"

"मी शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासते. आठवडाभर चुका शोधायच्या. मग बुधवारी असं काहीतरी बघायचं ज्यात सगळंच चुकलंय, आणि मला एकही चूक दुरुस्त करायची नाही…"

"म्हणजे तुम्हालाही आवडतो!"

"मी असं म्हटलं नाही."

"नाही, नाही. गुंडीला आवडतो." त्याच्या डोळ्यांत आरशांच्या गोळ्याचे ठिपके फिरत होते. मी घाईनं पडद्याकडे बघितलं.

बघणं बरोबर नव्हतंच. बाळ आहे म्हणजे बाळाची आई आलीच. "हिची आई या वेळेत जरा पडते," असं तो एकदा म्हणालाही होता. आणि माझं म्हणाल तर गुंडी पोटात असताना तिच्या बाबांच्या लक्षात आलं, की त्यांना बाप व्हायचंच नव्हतं. कागद झाले, सह्या झाल्या. माणूस ओळखायच्या परीक्षेत मी एकदा सपशेल नापास झाले होते, तेव्हापासून मी माणसं पुन्हा पुन्हा तपासते. दुसऱ्याच्या नवऱ्याशी हसून बोलायचं नाही, असं बजावून मी घरून निघायची. आणि खलनायक नाचता नाचता रडायला लागला, की आम्ही दोघं एकाच वेळी रुमाल काढायचो आणि एकाच वेळी हसायचो.

पाचव्या बुधवारी तो म्हणाला, "हिला धरता दोन मिनिटं? गरम पाणी घेऊन येतो."

गुंडीला एका मांडीवर सरकवून मी त्याच्या मुलीला उराशी धरलं, टाळूवरून हात फिरवला… आणि माझा हात थांबला. 

तिचा भोवरा डावीकडे होता.

गेल्या बुधवारी तो उजवीकडे होता. मी बघितला होता. अशा गोष्टी मी बघतेच. तीच माझी भाकरी आहे. मी तिचा डावा कान वळवला. कानामागे तीळ होता, तो आज नव्हता. तसंच नाक, तसेच गाल, तेच पिवळं झबलं, पण बाळ वेगळं!

जुळ्या असतील, हा विचार माझ्याही मनात पहिल्यांदा आला. म्हणूनच तो परत आल्यावर मी हसत हसत विचारलं, "ही एकुलती एक ना तुमची?"

त्यानं बाटली जरा जास्तच वेळ हलवली. "हो… का हो?"

आणि त्यानं नजर चुकवली.

त्याचं बाळ त्याच्याकडे देऊन, गुंडीला छातीशी आवळून मी उठले. त्याला वाटलं असेल, हिला दूध पाजायचं असेल. मी थेट बाहेर तिकीटवाल्या मावशींकडे गेले.

"काय गं, तोंड असं पांढरंफटक का?"

"मावशी, त्या गृहस्थांकडे… गेल्या बुधवारी वेगळं बाळ होतं. आज वेगळं आहे. आणि ते म्हणतात एकच मुलगी आहे."

मावशींनी हातातला चहा खाली ठेवला. पुढचं सगळं फार झटपट झालं. चित्रपट थांबला, दिवे लागले, दरवाजाला कडी लागली आणि चौदा बाळांनी एकदम भोकाड पसरलं.

"बाळाच्या आईला फोन लावा," मावशी त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावा."

त्याचा चेहरा पडला. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याला कळलं कुणी सांगितलं ते. त्यानं फोन लावला.

"बोल रे," पलीकडून झोपाळलेला बाईचा आवाज आला. "बागेतून निघालास का? अरे, बागेत इतकी पोरं कुठून रडतायत?"

"बाग नाही, थिएटर आहे हे!" मावशी कडाडल्या. "हा माणूस कोण तुमचा?"

"थिएटर? तो माझा धाकटा भाऊ आहे… थांबा, कुठला पिक्चर लागलाय?"

"चांदण्यांची लाँड्री."

"अरे देवा!" झोप साफ उडाली. "मला सांगतोस पोरीला मोकळी हवा दाखवतो, आणि तिथं जाऊन तो भंगार पिक्चर बघतोस? कितव्यांदा रे? आणि आज कुठली नेलीयस?"

"नंतरची," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"आणि आधीची इथं माझ्या कानाशी बोंबलतेय! लग्न कर म्हटलं की गावभर पळतोस, आणि माझ्या जुळ्या पोरी घेऊन बाप म्हणून मिरवतोस होय रे? ये घरी, बघते!"

थिएटर हसून लोटपोट झालं. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं, धोंडे दोन होते. तो बाळं पळवणारा नव्हता. आणि तो कुणाचा नवराही नव्हता. यातला दुसरा धोंडा जास्त जड होता, हे स्वतःशी कबूल करायला मात्र मला आठवडा लागला.

"मामा!" मावशींनी पाटीकडे बोट दाखवलं. "मामा असं लिहिलंय का कुठं? चला, निघा!"

त्यानं पिशवी भरली. माझ्याजवळ थांबला.

"जुळ्या म्हटल्या, की दुसरी कुठंय विचारतात, म्हणून एकच म्हटलं. कशावरून ओळखलंत?"

"भोवरा… एकीचा उजवीकडे, एकीचा डावीकडे. आणि गेल्या बुधवारी आणलीत तिच्या कानामागे तीळ आहे."

"त्यांच्या वडिलांना अजून ओळखता येत नाहीत," तो म्हणाला, आणि गेला.

कौतुक होतं की टोमणा? आठवडाभर मी ते वाक्य उलटसुलट करून बघितलं. प्रुफात दोन चुका सुटल्या.

पुढच्या बुधवारी शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. पडद्यावर चाळीस मशीनं हलली. कॅमेऱ्याला धक्का बसत होता, नायकाचा विग सरकत होता. पहिल्यांदाच मला त्या टीकाकाराचं म्हणणं पटलं, आणि पटलं म्हणून रडू आलं. चित्रपट तोच होता. मीच एकटी पडले होते.

मी गुंडीला उचललं आणि मोठ्या पोस्टाचा रस्ता धरला.

दवाखान्याचं दार त्यानंच उघडलं. पांढरा कोट, गळ्यात चष्मा.

"गुंडीचे कान तपासायचेत," मी धडाधडा बोलून टाकलं. "इतके आठवडे तो आवाज… मला काळजी वाटते."

"त्या खेळाला आवाज अर्ध्यावर असतो. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"मग… खात्री."

तो हसला नाही. पण चष्मा लावताना त्याच्या गालाला खळी पडलीच. आतल्या खोलीला जाड दार होतं आणि भिंतीत एक काच. गुंडीला मांडीवर घेऊन मी आत बसले, तो काचेपलीकडे. उजवीकडून बारीक आवाज आला, गुंडीनं मान वळवली, तिथल्या डब्यात दिवा लागला आणि खेळण्यातलं माकड ढोल वाजवायला लागलं. गुंडी खिदळली. डावीकडे आवाज… मान डावीकडे. आणखी बारीक… तरीही वळली.

"उत्तम," तो दारातून डोकावला. "काही काळजी नको."

मी किती वेळ श्वास धरून बसले होते कुणास ठाऊक. तो सुटला तेव्हा कळलं, निमित्त करून आले होते, पण भीती खरीच होती.

"आता तुमचे."

"माझे कशाला?"

"खात्री," तो म्हणाला, आणि माझ्या कानांवर हेडफोन चढवले. "मी एकेक शब्द म्हणेन. तुम्ही जसाच्या तसा म्हणायचा. आवाज हळूहळू कमी होत जाईल."

तो काचेमागे बसला. ओठ दिसू नयेत म्हणून तोंडापुढे एक पुठ्ठा धरला. फक्त डोळे दिसत होते.

"दार."

"दार," मी म्हटलं.

"फूल."

"फूल."

"बुधवार."

मी दचकले. "…बुधवार."

"रिकामा." आवाज जरा उतरला होता.

"रिकामा."

"राग…"

"राग."

"नव्हता."

"नव्हता," मी म्हटलं. माझे खांदे आपोआप सैल झाले.

"लाज होती." आता तो अगदी कुजबुजीवर आला होता. "खोटं बोललो, त्याची."

मी तेही म्हटलं, जसंच्या तसं. मग, श्वासाइतकं हळू –

"तुमचे मिस्टर…?"

"नाहीत," मी म्हणाले. "म्हणजे आहेत कुठंतरी. माझे नाहीत आता."

"शब्द जसाच्या तसा म्हणायचा असतो," तो म्हणाला.

"मग आता मी सांगते, तुम्ही म्हणा. जसंच्या तसं."

काचेपलीकडून त्यानं मान हलवली.

"मी गुंडीच्या झोपेसाठी येत नव्हते."

"मी गुंडीच्या झोपेसाठी येत नव्हते," त्यानं गंभीरपणे म्हटलं.

"मला तो चित्रपट आवडतो. भयंकर आहे, तरी आवडतो."

"मला तो चित्रपट आवडतो," या वेळी मान जरा जास्तच जोरात हलली, "भयंकर आहे, तरी आवडतो."

त्या खोलीत इतकी शांतता होती की मला माझ्याच छातीतले ठोके ऐकू येत होते. एकदा नापास झालेल्यानं परत परीक्षेला बसावं का? मी गुंडीकडे बघितलं. ती हेडफोनची वायर चघळण्यात गुंग होती.

"आणि मला तुम्ही आवडता," मी म्हटलं.

पुठ्ठा खाली आला. एक सेकंद. दोन. गुंडीनं टेबलावर थाप मारली…

"आणि मला तुम्ही आवडता," तो म्हणाला.

मी डोळे मिटले. हसू येत होतं की रडू, कळत नव्हतं; दोन्हींत अंग हलकं होतं, इतकंच. डोळे उघडले तर तो अजून माइकपाशीच वाकला होता. मी काही सांगितलं नव्हतं, माझी पाळी संपली होती. तरी त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं.