दारातला कोबा

ही गोष्ट मी कोणाकडून ऐकलेली नाही. मी तिथे होते. माझ्या हातात खराटा होता.

हसायचं असेल तर खुशाल हसा. माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं, भुताच्या गोष्टींवर मीही पोट धरून हसायचे.

आणि हो, रात्र नव्हती. गेल्या वर्षीची आषाढी अमावस्या, भर दुपार. ठिकाण प्रभादेवी, समुद्राच्या बाजूची कोळ्यांची जुनी गल्ली. तिथलं आमचं बैठं घर.

माझे सासरे बुधाजी मासेमारीला जायचे. पहाटे अंगणातून माझ्या नवऱ्याला, हितेशला हाक मारायचे, मग दोघं मिळून होडीवर. माझ्या लग्नाआधीची गोष्ट. एका पहाटे हितेश तापानं फणफणला होता. सासऱ्यांनी हाका मारल्या, तो उठला नाही. सासरे एकटे गेले.

होडी सापडली. ते सापडले नाहीत.

सासूबाईंनी, म्हणजे रखमाबाईंनी, होडी विकून टाकली आणि मुलाला समुद्राचं तोंड बघू दिलं नाही. हितेश एसी दुरुस्तीची कामं करायला लागला.

आमच्या दारात एक काळा दगड होता. समुद्रावरून आलेला माणूस त्यावर पाय धुऊन मगच घरात यायचा, ही या घरची जुनी रीत. धुतलेलं पाणी जायला शेजारीच गटाराचं तोंड.

सासरे गेले त्या दिवसापासून सासूबाईंनी त्या दगडावर बर्फाचं मोठं पिंप पालथं घालून ठेवलं. एक थेंब पाणी दगडावर पडू द्यायच्या नाहीत. आम्ही सगळे मागच्या मोरीत पाय धुवायचो. मला वाटायचं, म्हातारीची खोड असेल. मी त्यांना चिडवायचेसुद्धा, "दगडाला सर्दी होते का हो आई?"

त्या हसायच्या नाहीत.

आमचं अंगण मातीचं. पावसाळ्यात पाणी तुंबायचं ते थेट घरात. भिंतींना ओल, गाद्यांना वास. सासूबाईंच्या छातीत कफ भरला आणि त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, ओल्यात ठेवू नका.

हितेशनं मनावर घेतलं. आई परत यायच्या आत अंगणात कोबा घालायचा.

गवंडी आला. अंगणाला गटाराचं तोंड एकच, दाराजवळचं. म्हणून सगळा उतार तिकडेच दिला. दगड मध्ये येत होता. तो काढायला कोण बसतंय? पिंप हलवलं आणि दगडावरच सिमेंट ओतलं.

काम छान झालं होतं. बादलीभर पाणी टाकलं की सरसर गटारात. हितेश पोरासारखा पुन्हा पुन्हा पाणी ओतून बघत होता.

सासूबाई टॅक्सीतून उतरल्या आणि दारातच थांबल्या.

"दगड कुटं हाय?"

"खाली गेला, आई. बघ ना, पाणी कसं मस्त जातंय!"

त्या मटकन पायरीवर बसल्या. हितेश आत गेल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "दर्यात गेलेला मानूस परत येतो गो. पन पाय धुतल्याबिगर घरात येत नाय. म्हनून मी दगड कोरडा ठेवलेला. आता अक्ख्या अंगनाचं पानी तितंच येल. त्याचे पाय धुतले जातील गो!"

"कोण येतंय, आई?"

"तुजा सासरा. त्या दिवशी पोराला हाक मारलेली. पोरगा गेला नाय. ती हाक अजून बाकी हाय."

मी त्यांना पांघरूण दिलं. तापात बडबडतायत, असं मला वाटलं.

मग ती अमावस्या आली.

सकाळपासून पाऊस धो धो. हितेश कामावर गेला नव्हता. घरोघरी गटारीचं मटण शिजत होतं, आमच्याकडेही. तो पोटभर जेवला आणि आडवा झाला. सासूबाई कॉटवर होत्या. इस्पितळातून आल्यापासून त्यांना धरल्याशिवाय उठता येत नव्हतं.

समुद्राला उधाणाची भरती होती. अशा वेळी आमचं गटार पाणी घेत नाही, उलट बाहेर टाकतं. जाळीत कचरा अडकला असेल, तो काढावा म्हणून मी खराटा घेऊन पायरीवर आले.

कोब्यावरून पाणी वाहत होतं. पण दाराजवळ, जिथे दगड होता तिथे...

पाणी दुभंगत होतं.

मधोमध दोन जागा कोरड्या. वर पाऊस पडत होता, तरी कोरड्या. लांबट, टाचेला गोल, पुढे पसरट.

पावलं.

बोटं आमच्या दाराकडे.

मला आधी वाटलं, गवंड्यानं उंचवटे ठेवले. मेल्यानं पैसे मात्र पूर्ण घेतले! मी खराट्यानं पाणी तिकडे लोटलं. खराटा...

अडकला.

हवेत. घोट्याच्या उंचीवर. पलीकडे जाईना.

माझ्या हातातून तो गळून पडला. बघता बघता त्या कोरड्या जागांच्या कडा भिजायला लागल्या. पाणी टाचांवरून आत आलं. मग बोटांवरून. कोणीतरी सावकाश, नीट पाय धुऊन घेत होतं.

आणि पावसाचा आवाज थांबला. पाऊस दिसत होता. आवाज नव्हता.

त्या शांततेत...

"हितेस... ए हितेस... चल रे."

आवाज दमदाटीचा नव्हता. साधा होता, रोजच्या कामाला उठवणारा.

आतून उत्तर आलं, "आलो, बाबा."

मी धावले. हितेश उठून उभा होता. डोळे मिटलेले. दाराकडे चालायला लागला होता. मी त्याच्या कमरेला मिठी मारली, ओरडले, चावले. तो मला ओढत नेत होता. मी पाय भिंतीला लावून त्याला कसाबसा धरून ठेवला.

तेवढ्यात कॉट करकरली.

सासूबाई उठल्या होत्या. कोणीही न धरता. त्यांनी पदर खोचला आणि आमच्या शेजारून दाराकडे निघाल्या.

"आई, नका जाऊ! आई!"

"त्याला सोडू नको गो, पोरी. घट धर."

मला दोघांना धरता येत नव्हतं. मी नवऱ्याला धरलं.

त्या पायरी उतरल्या. बाहेरून त्यांचा आवाज आला, संसारभर नवऱ्याशी भांडलेल्या बाईचा. "पोरगा येनार नाय. मी येते. चला."

पावसाचा आवाज एकदम परत आला. हितेश माझ्या अंगावर कोसळला आणि जागा झाला. त्याला काही आठवत नव्हतं.

सासूबाई कोब्यावर पडलेल्या होत्या. गेलेल्या. वरपासून खालपर्यंत चिंब भिजलेल्या. तळपाय मात्र कोरडे. डॉक्टरांनी कारण छातीचं सांगितलं.

हितेश म्हणतो, ती कोब्यावरून घसरली. स्वतःलाच दोष देतो, रात्र रात्र रडला. त्यानं कोबा फोडून घेतला, उतार गल्लीच्या बाजूला दिला. आता अंगणातलं पाणी दाराकडे येतच नाही. खालचा दगडही समुद्रात टाकून आला. मी त्याला खरं काय ते सांगितलं, तर म्हणाला, "कीर्ती, तुला धक्का बसलाय." घर सोडू या म्हटलं, तर म्हणाला, "आईचं घर आहे. कुठे जायचं?"

यंदाचा पावसाळा सुरू झालाय.

भरतीच्या वेळी पाऊस असला की दारात आता चार पावलं कोरडी दिसतात. हितेशला दिसत नाहीत. दोन मोठी, बोटं दाराकडे. आणि त्यांच्या समोर दोन बारीक...

त्यांच्या टाचा आमच्याकडे आहेत.

सासूबाई सासऱ्यांबरोबर गेल्याच नाहीत. दाराकडे पाठ करून उभ्या आहेत. त्यांना अडवून.

पहिल्या पावसात त्या दारापासून बऱ्याच लांब होत्या. पुढच्या भरतीला थोड्या जवळ. त्या आधीच थकलेल्या होत्या हो, त्यांना धाप लागायची.

काल त्यांच्या टाचा पायरीला टेकल्या होत्या.